पाखराच्या गळ्याखालचं सोनं

माझ्या मायच्या बोटांना ठसे नव्हते. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा आम्हाला हे कळलं. माय अंगठा लावायची, मशीन नाही म्हणायचं. पदराला पुसून लाव, दाबून लाव, डावा लाव. मशीन नाहीच म्हणायचं. मागची रांग कुरकुरायची आणि माय रिकामी पिशवी घडी करून घरी यायची. ती साड्यांवर टिक्की लावायची. शेठकडून साड्यांचा गठ्ठा यायचा, त्यावर गमचा ठिपका द्यायचा, ठिपक्यावर चमकी नाहीतर काचेचा खडा ठेवायचा आणि दाबायचा. दिवसभर हेच. गम बोटांवर वाळायचा, संध्याकाळी ती तो सोलून काढायची, आणि गमबरोबर बोटांच्या रेषाही निघून जायच्या.

आप्पा बमरोलीला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातची. लूमने त्यांचे कान खाल्ले. त्यामुळे आमच्या घरी सगळं ओरडूनच बोललं जायचं, मीठ मागायचं तरी. डिंडोलीतली आमची एकच खोली. रातपाळीच्या आठवड्यात आप्पा दिवसा मध्यभागी झोपलेले आणि त्यांच्या चारी बाजूंनी साड्या पसरलेल्या. एकदा ते उठले तेव्हा त्यांच्या कोपराला अकरा हिरव्या चमक्या चिकटलेल्या होत्या, आणि तसेच कामावर गेले. ज्या वर्षी कारखाना बंद राहिला त्या वर्षी आम्ही दोन महिने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर आणि मिरची खाल्ली. मला आजही कळण्याची भाकर आवडते, पण मिरचीबरोबर नाही.

एवढं सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं हसण्यासारखं आहे आणि ते फुकटात आलं असं कुणाला वाटायला नको.

मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकले. बारावी सायन्स केलं. मग कॉलेज, झूऑलॉजी. वर्गात शिकवणं गुजराती, पुस्तक इंग्रजी, घरी अहिराणी, आणि माझं डोकं मराठी. पहिल्या वर्षी एक पेपर राहिला, तो दुसऱ्या वर्षी काढला. आप्पांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, अर्थात ओरडून, म्हणजे सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं, की तिसऱ्या वर्षी घसरली तर पोरगी साड्यांच्या डिझाइनच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसेल. त्यांचंही चुकत नव्हतं. त्यांच्याने पाळ्या होईनात.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट होता. पोरांनी मच्छर घेतले, खाडीतले मासे घेतले. एकाने कोंबडीचा सांगाडा जोडायला घेतला आणि एक पाय उलटा लावला. मी यादीत शेवटची. आमच्या मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, विचार केला आणि फॉर्मलिनच्या बाटल्यांखालचं कपाट उघडलं. आतून कापडात बांधलेला एक चपटा गठ्ठा निघाला. कुणीतरी कधीतरी कॉलेजला दिलेला. मॅडमनी गाठ सोडली.

हमिंगबर्ड. पानामागून पान. फार जुनी, विलायतेत छापलेली चित्रं. मोठ्या पानावर एक वेल, वेलीवर अंगठ्याएवढी तीन पाखरं, एकाची चोच सुईसारखी, एकाची तर अंगापेक्षा लांब, एकाची शेपटी कात्रीसारखी. निळी, हिरवी, जांभळी. खाली बारीक अक्षरात लॅटिन नाव. मला हसूच फुटलं. थांबेना.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, ही तर साडी आहे!"

खरंच सांगते, मी लहानपणापासून हेच पाहत आले होते. वेल, वेलीवर पाखरू, पाखराची चोच फुलात. आमच्या घरातून अशी हजारो पाखरं गेली असतील. फक्त त्यांना लॅटिन नावं नव्हती.

मॅडमही हसल्या. मग त्यांनी ती चित्रं कशी बनायची ते सांगितलं. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेकडच्या देशांत असतात. तिथून मेलेली पाखरं यायची, पोटात कापूस भरलेली, पेटीत ओळीने झोपवलेली. चित्रकार ती समोर ठेवून चित्र काढायचा. अशा बऱ्याच चित्रकारांनी जिवंत हमिंगबर्ड जन्मात पाहिलेला नसायचा. चित्र दगडावर काढायचं, कागदावर छापायचं, आणि मग रंग हाताने भरायचे. त्यासाठी माणसं बसवलेली असायची, पुष्कळदा बायाच, एकीने हिरवा भरायचा, दुसरीने निळा.

हे मी घरी येऊन मायला ओरडून सांगितलं. ओरडायची गरज नव्हती, आप्पा पाळीवर होते, पण सवय. माय गमची नळी हातात धरून ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं.

"त्या बाया नगवर करतस का रोजवर?"

मला ठाऊक नव्हतं. मॅडमनाही ठाऊक नव्हतं. पण मॅडम म्हणाल्या, हा प्रश्न प्रोजेक्टमध्ये लिही. मी लिहिला.

प्रोजेक्ट असा ठरला: सहा चित्रांची हाताने हुबेहूब नक्कल करायची, त्याच मापाची, आणि प्रत्येक चित्राखाली लिहायचं की यात निसर्गातलं काय आणि चित्रकाराच्या मनातलं काय. मूळ पानं कॉलेजबाहेर न्यायची नाहीत. टेबलावरून उचलायचीसुद्धा नाहीत, कागद तुटतो. मी ट्यूबलाइटखाली मोबाइलवर फोटो काढले आणि घरी आणले.

आमच्या गल्लीत तेव्हा दुसरा विषय उरला नाही. शेजारच्या काकू मायबरोबर टिक्कीला बसायच्या. त्या बुलढाण्याकडच्या. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "हे तं रोज येते आपल्या जासवंदीवर."

"काकू, तो शिंजीर. हा हमिंगबर्ड."

"चोच तं तशीच हाय."

"तो फुलावर बसून पितो. हा हवेत उभा राहून पितो. आणि मागे उडतो. तोंड पुढे आणि उडतो मागे."

"मांगं? कोनतं पाखरू मांगं उडते?"

आप्पा जेवत होते. त्यांना मी हाताने करून दाखवलं, पुढे, मागे, पुढे, मागे, आणि पंखांचा आवाज तोंडाने काढला, इतक्या जोरात की त्यांच्यापर्यंत पोचावा. आप्पांचा घास थांबला. चेहरा उजळला.

"हाई तं धोटा शे!"

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात इकडून तिकडे पळवून दाखवला. अख्खं आयुष्य त्यांनी लूमवर असाच एक धोटा सुतातून इकडून तिकडे पळताना पाहिला होता. आता सातासमुद्रापलीकडे तसलंच एक पाखरू असतं, आणि आपल्या पोरीला त्यात मार्क मिळणार असतात, हे त्यांना फार आवडलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खात्यातल्या सगळ्या कारागिरांना पाखरू माहीत झालं होतं.

मी चित्रं काढली. हात चांगला होता, सुट्ट्यांमध्ये डिझाइनच्या दुकानात रंग भरायला जायचे त्याचा फायदा. चुका शोधायला तर मला उधाणच आलं. एका चित्रात पाखरू एका देशातलं आणि फूल दुसऱ्याच देशातलं. एका ठिकाणी पाय एवढे जाड की कोंबडी म्हणावं. एकाचे पंख असे मिटलेले की मेलेला आहे हे चित्रकाराला लपवता आलेलं नाही. मी एकटीच हसत हसत लिहायचे. त्याने हमिंगबर्ड पाहिला नव्हता, मीही पाहिला नव्हता, म्हणजे आम्ही दोघं बरोबरीचे. मला कॉलेजात कुणी बरोबरीचं वाटायला तीन वर्षं लागली, आणि ते माणूसही कधीचं मेलेलं निघालं.

अडलं गळ्याशी.

नर हमिंगबर्डचा गळा पेटल्यासारखा असतो. त्या पिसांत लाल रंग मुळात नसतोच. पिसाची बांधणी अशी की उजेड पडला की लाल दिसतं, पाखराने मान फिरवली की काळं. हे मी छान लिहिलं होतं, चार ओळी. पण माझा गळा कुठूनही पाहा, सारखाच. विटकरी. कुंकवाचं पाणी केल्यासारखा. मी तीन वेळा खोडून परत भरला, कागद फुगला.

मॅडमनी पाहिलं. त्या ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या, हळू बोलायच्या, आणि तेच मला जास्त लागायचं. "नक्कल सुरेख आहे. पण या चित्रांचं नाव झालं ते चकाकीमुळे. कागदावर त्यांनी ती आणली. तुझ्यात ती नाही. बाहेरचे परीक्षक कडक आहेत, हे असंच दिलंस तर पास करणार नाहीत."

प्रोजेक्ट गेला म्हणजे वर्ष गेलं. वर्ष गेलं म्हणजे डिझाइनचं दुकान. हे मला कुणी समजवायची गरज नव्हती.

परीक्षा शुक्रवारी. बुधवारी दुपारी मी स्टेशनरीच्या दुकानात गेले, दुसरा काही लाल मिळतो का बघायला. चित्रं पलंगावर साड्यांच्या गठ्ठ्यावर वाळत ठेवली होती. आप्पा खाली झोपलेले. काकू आल्या. आता आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. साड्यांच्या गठ्ठ्याबरोबर शेठ एक कागद पाठवतो, सॅम्पलचा. त्यावर चित्र असतं, त्याप्रमाणे टिक्की कुठे लावायची ते ठरतं, आणि पहिला नमुना कागदावरच लावून बघतात. काकूंनी पलंगावर साड्यांचा गठ्ठा पाहिला, त्यावर कागद पाहिला. कागदावर वेल, वेलीवर पाखरू. अजून काय पाहिजे?

मी परत आले तेव्हा काकू चष्म्यातून माझ्याकडे बघून कौतुकाने हसत होत्या. "कोनाचं डिझाइन हाय हे? लय बारीक काम. डोये गेले माये."

माझ्या पहिल्या चित्रातल्या पाखराच्या गळ्यावर सदतीस लाल खडे होते. मी नंतर मोजले. एकही वाकडा नव्हता. डोळ्याच्या जागी त्यांनी, त्यांच्या पदरचा, एक मोठा पांढरा खडा लावला होता.

मी जी किंकाळी फोडली ती आप्पांना ऐकू गेली. यावरून समजून घ्या.

"काय व्हयनं? कोन मरनं?" आप्पा ताडकन उठून बसले, गालावर एक चमकी.

"मले वाटलं शेठनं सॅम्पल धाडलं," काकू रडकुंडीला आल्या. "मले काय ठाव वं बाई, तुयी परीक्षा हाय ते!"

मी रडत होते, काकू रडत होत्या, आप्पा "कोन मरनं, सांगा तं" म्हणून सगळ्यांना हलवत होते. माय नळावरून आली, हंडा ठेवला, चित्र उचललं आणि दाराशी उजेडात धरलं. मग दुसरं चित्र उचललं, ज्याला खडे नव्हते, तेही धरलं. बराच वेळ ती एकदा हे बघत होती, एकदा ते.

"तुना पाखरूना गया मरेल शे," ती मला म्हणाली. अहिराणीत गळ्याला गया म्हणतात. "हाई," तिने काकूंचा दाखवला, "हाई जिता शे. पन जाड व्हयना. गोइटरना मायेक."

गॉयटर, म्हणजे सुजलेला गळा, हा शब्द तिला माझ्याच पुस्तकातून मिळाला होता. मी रडता रडता हसले आणि नाकातून फुगा आला. काकूही हसल्या. आप्पांना काहीच कळलं नव्हतं पण कुणी मेलं नाही एवढं कळलं, म्हणून तेही हसले.

माय पलंगाखाली वाकली. तिथे आमच्याकडे फॉईलची रद्दी असायची. साड्यांवर सोनेरी छपाई करतात त्याला फॉईल प्रिंट म्हणतात. कापडावर गमने नक्षी छापायची, त्यावर सोनेरी कागद ठेवून गरम दाबायचा, ओढून काढायचा. गम असेल तिथे सोनं कापडावर उतरतं. उरलेल्या कागदावर कुयऱ्या-फुलांची भोकं राहतात आणि मधलं सोनं तसंच असतं. गल्लीतले गणपती त्याच रद्दीने सजतात. मायने एक पट्टी काढली, इस्त्री लावली, आणि तिसऱ्या चित्राच्या गळ्यावर गमचा हात फिरवला. नळीने नव्हे, करंगळीने. ज्या बोटाला ठसा नाही ते बोट, त्यामुळे गमवर एक रेघ उमटली नाही. वाळू दिलं, फॉईल ठेवली, वर वर्तमानपत्र, वर इस्त्री. फुंकर मारली. कागद ओढला.

पाखराचा गळा सोन्याचा झाला होता.

"पण हा लाल पाहिजे," मी म्हटलं.

मी जलरंग लावला, तो सोन्यावरून थेंब थेंब होऊन पळाला. पोस्टर रंग लावला, सोनं झाकलं गेलं. काकू गुपचूप उठून गेल्या आणि परत आल्या त्या मुठीत काहीतरी घेऊन. नेलपॉलिश. लाल, पातळ, खालचं दिसेल असं. त्यांच्या भाचीच्या लग्नातलं. मायने आयुष्यात कधी नेलपॉलिश लावलं नव्हतं, तिने बाटली फिरवून फिरवून पाहिली. मग श्वास धरून एकच हात दिला.

मी चित्र दाराशी नेलं. तिरपं केलं. गळा काळा पडला. सरळ केलं. पेटला. परत तिरपं. काळा. सरळ. पेटला! मी दारातच नाचायला लागले, आणि काकू चित्राला धक्का लागू नये म्हणून माझ्यामागे हात पसरून नाचायला लागल्या. आप्पांनी चित्र हातात घेतलं, मागे-पुढे हलवलं, धोट्यासारखं, आणि म्हणाले, "उडी ऱ्हायनं, देख!"

गुरुवारी आम्ही उरलेले सगळे गळे केले. हिरव्यासाठी काचेवर रंगवायचे पारदर्शक रंग आणले. खड्यांचं चित्र परत काढायला वेळ नव्हता, कागदही नव्हता. मी ते तसंच फाइलमध्ये लावलं आणि खाली खरं लिहिलं: शेजारच्या काकूंनी शेठचं सॅम्पल समजून खडे लावले.

शुक्रवारी सकाळी परीक्षक आले. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर मच्छरांचे सात प्रोजेक्ट पाहिल्याचा थकवा. त्यांनी माझी फाइल उघडली. पहिलंच चित्र खड्यांचं. त्यांनी ते वाचलं, परत वाचलं, मॅडमकडे पाहिलं. त्यांनी पान उलटलं. आणि उलटतानाच, पान तिरपं असताना, गळा काळ्याचा लाल झाला.

ते थांबले. पान मागे नेलं, पुढे आणलं. खुर्ची सोडून खिडकीशी गेले. आप्पांसारखंच हलवून पाहिलं.

"आ कोणे कर्युं?" त्यांनी गुजरातीत विचारलं.

मी आठवून पाहिलं, खोटं बोलायला काही शास्त्रीय शब्द सापडतो का. सापडला नाही. "मम्मीए," मी म्हटलं.

"मम्मी शुं करे छे?"

"साडी पर टिक्की चोंटाडे छे."

मॅडम एव्हाना उठून कपाटाशी गेल्या होत्या. त्यांनी गठ्ठा सोडला, आणि जे पान आम्हाला कधी उचलू दिलं नव्हतं ते स्वतः दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी आणलं. तिरपं केलं. काळं. सरळ केलं. पेटलं. लाल रंगाच्या खाली सोनं होतं. आमच्यासारखंच. माझ्या मोबाइलने ट्यूबलाइटखाली ते सोनं नुसतं तपकिरी दाखवलं होतं, आणि मॅडमनी इतकी वर्षं ती पानं आडवीच पाहिली होती.

गठ्ठ्याच्या सुरुवातीला छापील माहितीची पानं होती. परीक्षकांनी ती काढली, बोट फिरवत वाचली आणि मोठ्याने सांगितलं: गळ्याखाली सोन्याचा वर्ख लावायचा, त्यावर पारदर्शक रंग. लिहिलेलंच होतं तिथे.

"ये तुमने पढा नहीं?" त्यांनी आता हिंदी धरली.

"नहीं सर. इंग्लिश बहुत बारीक था."

"पहला पन्ना पढना चाहिए." त्याचे त्यांनी मार्क कापले. बरोबरच होतं, मला राग आला नाही. मग ते चित्र हातात ठेवूनच म्हणाले की उरलेले मार्क पूर्ण. आणि पुढच्या मुलाला आत बोलवायचं सोडून, त्यांनी परत एकदा पान तिरपं केलं.

मी घरी पोचले ती डिंडोलीच्या नाक्यापासून धावत. ओरडायला आमच्याकडे गल्ली होतीच. "माय, त्यांनी पण सोनंच लावलं होतं! त्या विलायतेच्या बायांनी! खाली सोनं, वर रंग!"

माय टिक्की लावत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबला.

"मंग? दुसरं काय लावतीन," ती म्हणाली. "नेलपॉलिश व्हतं का पन त्यास्ना जोडे?"

नव्हतं. काकूंनी ती बाटली मला देऊन टाकली. तळाशी वाळलेला थर अजून आहे.

निकाल जूनमध्ये लागला. मी बी.एस्सी. झाले, झूऑलॉजी, फर्स्ट क्लास. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली.